पंपाच्या जागी लाडू

एक कोडं घालते. भर समुद्रात तुमची बोट बुडाली आहे. तुम्ही रबरी तराफ्यात बसला आहात. जवळ एकच पिशवी आहे, जीव वाचवणारी. ती तुम्ही उघडता आणि आत शेंगदाण्याचे लाडू निघतात. आता काय कराल?

मी हसले. खरंच सांगते, खो खो हसले. माणूस भीतीनेही हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वैजूआत्या हसली नाही. तिने पिशवीत कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढत गेली. लाडवांचा डबा. चिवडा. खारे काजू. कागदात गुंडाळलेले सुके बांगडे. आणि तळाशी, फडक्यात बांधलेली, कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी. तिने पिशवी उलटी करून झटकली. मग आजोबांकडे बघितलं.

"पंप खंय आसा?"

आत्या रागावली किंवा घाबरली की थेट मालवणीत शिरते. त्या वेळी ती दोन्ही होती.

आजोबा समुद्राकडे बघत म्हणाले, "मियां काढलंय."

"कित्याक?"

"चेडू उपाशी रवात म्हणान."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी उपाशी राहीन म्हणून आजोबांनी पिशवीतून पाण्याचा पंप काढला होता आणि त्या जागी लाडू भरले होते. माझं हसू थांबलं. कारण तो पंप नसला तर काय होतं, हे या जगात कुणाला सगळ्यात चांगलं माहीत असेल, तर ते माझ्या आजोबांना. तो पंप त्यांनीच तर बनवला होता!

आता आम्ही तिथे कसे पोहोचलो ते सांगते.

माझे आजोबा, डॉक्टर दिगंबर तारी, हे पाण्याचे शास्त्रज्ञ. आमच्या मालवणच्या खाडीत तिवरांची झाडं आहेत. ती खाऱ्या चिखलात उभी राहतात, खारं पाणी पितात आणि तरी मरत नाहीत. त्यांची मुळं मीठ बाहेरच अडवतात आणि पाणी तेवढं आत घेतात. आजोबांनी आयुष्यभर त्या मुळांचा अभ्यास केला आणि तसाच एक पातळ पडदा तयार केला. त्यातून पाणी जातं, मीठ जात नाही. या पडद्याला ते 'तिवरपट' म्हणतात. लक्षद्वीपमधल्या एका बेटावर विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. माझी आई तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तिनेच आजोबांना बोलावलं होतं. पण आजोबांची एक अडचण सुटत नव्हती. तिवरपटातून पाणी पलीकडे जायला ते फार जोराने दाबावं लागतं. त्याला वीज लागते, आणि बेटावर तेवढी वीज नव्हती. "दाब आणू कुठून?" हे त्यांचं पालुपद मी जेवताना, फिरताना, अंघोळीच्या दारातूनसुद्धा ऐकलं आहे.

शिमगा आटोपला आणि आम्ही निघालो. आता पुन्हा शिडाच्या बोटींचे दिवस आलेत. आत्याची बोट 'टिटवी' शिडांवर आणि उन्हावर चालते. तिला चालवणाऱ्या संगणकाचं नाव तांडेल. आमच्याकडे होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. आत्या मात्र त्यालाही दम देते.

खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीत एक तातडीची पिशवी असते. बोट सोडायची वेळ आली तर बाकी सगळं टाकून फक्त तीच उचलायची. आत्याचा त्याबद्दल एक कडक नियम आहे. बोटीवरच्या सगळ्यात लहान माणसाला ती पिशवी एकट्याने उचलून फेकता आली पाहिजे. ते लहान माणूस म्हणजे मी. त्यामुळे पिशवीत काय जाईल हे माझ्या दंडांवर ठरत होतं. समुद्राचं पाणी हाताने दाबून तिवरपटातून गोडं करणारा पंप, मदत मागायचं संकेतयंत्र (उपग्रहाला आपली जागा कळवणारं यंत्र), औषधं, आरसा, चाकू, मासे धरायची दोरी, चिकटपट्टी, पकड. एवढं भरलं आणि माझे हात थरथरायला लागले.

"आणि खाऊ?" आजोबांनी विचारलं होतं.

"खाऊ नाही," आत्या म्हणाली होती. "खाल्ल्याशिवाय माणूस काही आठवडे काढतो. पाण्याशिवाय तीन-चार दिवससुद्धा कठीण."

आजोबांनी मान हलवली. पण आमच्याकडे कुणी शेजारच्या गावाला निघालं तरी पिशवीत चार डबे घुसतातच, आणि शास्त्रज्ञ झाला तरी माणूस मालवणचाच. आत्या झोपल्यावर त्यांनी पंप काढून जिन्याजवळच्या कपाटात ठेवला. हात लांबवला की मिळेल, अशा हिशेबाने. वजन तेवढंच राहिलं, म्हणून मला काही कळलं नाही.

आता तो पंप अरबी समुद्राच्या तळाशी आहे.

कारण त्या सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि 'धाड्' असा आवाज झाला. माझा कप हातातून उडाला. कुठल्यातरी मालवाहू जहाजावरून पडलेला लोखंडी कंटेनर पाण्याच्या जरासा खाली लपून तरंगत होता. टिटवी त्यावर आदळली. मला वाटलं होतं, बोट बुडते म्हणजे खूप वेळ लागत असेल, आपण धावपळ करू, बादल्या भरू. तसं काहीच नाही. मी उभी राहिले तेव्हा पाणी घोट्याला होतं, आणि जिना चढले तेव्हा माझ्या मागे ते गुडघ्याला आलेलं दिसत होतं.

तांडेल नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "पुढे मोठं भोक आहे. पाणी उपसण्यापेक्षा जास्त वेगाने येतंय. बोट सोडा. पिशवी घ्या. माझी काळजी करू नका, माझी प्रत मालवणात आहे."

आत्याने दोरी ओढली. लोखंडी बाटलीतला वायू सूं सूं करत सुटला आणि तराफा फुगला. मी पिशवी उचलली, फेकली, मागोमाग उडी मारली. आजोबा वळून जिन्याकडे निघाले होते. आत्याने त्यांची कॉलर धरून त्यांना तराफ्यात ओढलं. मला तेव्हा कळलं नाही की ते का वळले. थोड्या वेळाने जिथे टिटवी होती तिथे फक्त एक उशी तरंगत होती. माझीच उशी. मी तिच्याकडे बघत राहिले. एवढी मोठी बोट जाते कशी?

आणि मग आत्याने पिशवी उघडली. तिथून मी गोष्ट सुरू केली होती.

संकेतयंत्र नशिबाने पिशवीतच होतं. त्याच्या छोट्या पडद्यावर उत्तर उमटलं: 'हाक मिळाली. जवळची जहाजं दुसऱ्या मदतीत आहेत. परवा पोहोचतो.' तराफ्याच्या कप्प्यात पाण्याच्या काही चपट्या थैल्या होत्या. आत्याने त्या वाटल्या. मी माझी पहिली थैली लगेच पिऊन टाकली आणि मग समजलं की पुढची उद्याच.

दुपारी ऊन असं तापलं की तराफ्याचं रबर हाताला चटके देऊ लागलं. जीभ टाळूला चिकटली. माझ्या हाताशी, अगदी वीतभर अंतरावर, निळंशार, गार पाणी होतं. जगातलं सगळ्यात मोठं भांडं भरून. मी ओंजळ बुडवली आणि तोंडाशी नेली.

आजोबांनी माझ्या हातावर फटका मारला.

माझ्या बारा वर्षांत त्यांनी मला कधी टिचकीसुद्धा मारली नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"थोडंसंच पीत होते!" मी ओरडले.

"थोडंसुद्धा नाही." त्यांनी लोणच्याची बरणी उचलली. शास्त्र समजावताना आजोबा शुद्ध मराठीत बोलतात. जीव जायची वेळ आली तरी त्यात फरक नाही. "लोणचं घालताना आई काय करते? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते. दुसऱ्या दिवशी काय दिसतं?"

"पाणी सुटतं."

"पाणी कुठून आलं? कुणी ओतलं?"

"कुणी नाही. फोडीतलंच."

"बरोबर. कैरीचं शरीर लहान लहान पेशींनी बनलेलं आहे. प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ मात्र सहज जात नाही. आता पडद्याच्या एका बाजूला कमी खारट पाणी आणि दुसऱ्या बाजूला जास्त खारट पाणी असलं, तर पाणी आपोआप जास्त खारट बाजूकडे सरकतं. याला परासरण (पडद्यातून पाण्याचं खारट बाजूकडे जाणं) म्हणतात. म्हणून फोड सुरकुतते आणि बरणीत पाणी साठतं." त्यांनी बरणी माझ्यासमोर हलवली. "तूही पेशींचीच बनलेली आहेस, शलाका. समुद्राचं पाणी तुझ्या रक्तापेक्षा कितीतरी खारट आहे. ते प्यालीस तर तू फोड आणि समुद्र मीठ."

मी बरणीतल्या सुरकुतलेल्या फोडींकडे बघितलं. आजही मी लोणचं खाते, पण आधी क्षणभर त्याच्याकडे बघते.

"पण शरीर मीठ बाहेर टाकतं ना? लघवीतून?"

"टाकतं. ते काम मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) करतात. पण माणसाची मूत्रपिंडं समुद्राएवढी खारट लघवी बनवूच शकत नाहीत. म्हणजे पेलाभर समुद्र प्यायलीस, तर त्यातलं मीठ बाहेर काढायला पेल्याहून जास्त पाणी लागेल. ते शरीर स्वतःतूनच काढणार. पिशील तेवढी वाळशील."

"आणि लाडू?" आत्याने विचारलं. पंपाचं कळल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती.

आजोबांनी मान खाली घातली. "कोरडं अन्न पचवायलाही पाणी लागतं. खारे काजू, बांगडे, हे तर विचारूच नको. पाणी नसेल तर यातलं काही खायचं नाही."

"बाबानू, तुमका आता काय म्हणाचा?" आत्या म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. मला वाटतं ती रडत होती. पण रडणंसुद्धा तिला परवडणारं नव्हतं, डोळ्यांतलं पाणीही पाणीच.

आम्ही उन्हावर पाणी वाफवून बघितलं. प्लास्टिकच्या तुकड्याखाली डब्यात समुद्राचं पाणी ठेवायचं, वाफ वर जाऊन थेंब जमतात, त्यांत मीठ नसतं. संध्याकाळपर्यंत तिघांत मिळून दोन घोट जमले. आत्याने ते मला पाजले. मी नको म्हणायला हवं होतं, पण तहान लागली की चांगुलपणा कुठे पळतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा उठून बसेनात. ओठ फाटले होते. ते माझ्याशी बोलताना मला अधूनमधून वैजू म्हणत होते. डॉक्टरांनी त्यांना मूत्रपिंडांसाठी दिवसभर पाणी पीत राहायला सांगितलं होतं, हे मला आठवलं. आत्याने त्यांना सारखं करायला पाठीखाली हात घातला, तर हाताला काहीतरी लागलं. त्यांच्या वाटणीच्या सगळ्या पाण्याच्या थैल्या. एकही फोडलेली नव्हती.

काल ते आमच्याबरोबर थैली तोंडाला लावत होते. नुसतीच लावत होते.

"तुम्ही प्यायलाच नाहीत?" माझा आवाज चिरका आला.

"चूक माझी," ते पुटपुटले. "मग पाणी तुमचं."

मला इतका राग आला, इतका राग आला, की सांगता येत नाही. आजी गेली तेव्हाही आला नव्हता एवढा. "तुम्ही मेलात तर ते लाडू मी समुद्रात फेकून देईन!" मी किंचाळले. आत्याने एक थैली फोडून जबरदस्तीने त्यांच्या तोंडात धरली. ते प्यायले. पण त्या थैल्यांचं पाणी असं कितीसं?

रागात मी खिशातलं काहीतरी मुठीत आवळत होते. बघितलं, तर तो माझा पेला होता.

या पेल्याचीही गोष्ट आहे. चारच दिवसांपूर्वी माझा वाढदिवस झाला होता. आत्याने थर्माकोलच्या चहाच्या पेल्यावर माझं नाव लिहिलं, जाळीत घातला आणि मासे धरायच्या दोरीला वजन लावून खोल समुद्रात सोडला. ती दोरी नव्या प्रकारच्या धाग्याची आहे, केसासारखी बारीक, पण कितीही ओढली तरी तुटत नाही. फिरकीवर सहाशे मीटर मावते. पेला वर आला तेव्हा अर्धा झाला होता! आकार तोच, माझं नावही तसंच, फक्त सगळं बाहुलीच्या भातुकलीतलं. थर्माकोलमधले हवेचे बुडबुडे पाण्याच्या भाराने चेपले गेले होते.

मी पेला बोटांत धरला. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पंप म्हणजे दाब. पंप नाही म्हणजे दाब नाही. मग या पेल्याला कुणी दाबलं?

"आजोबा," मी म्हणाले, "खाली समुद्र स्वतःच दाबतो ना?"

आजोबांनी डोळे उघडले.

"परत बोल."

"खाली समुद्र स्वतःच दाबतो. मग पंप कशाला हवा?"

ते तराफ्याच्या छताकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना पुन्हा भ्रम झाला. मग त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "बाजूच्या कप्प्यात तिवरपट आहे. बदलीचा. हलका होता म्हणून काढला नाही." आणि त्या फाटक्या ओठांनी ते चक्क हसले. "अगं, तीस वर्षं मी दाब शोधतोय आणि तो माझ्या पायाखाली!"

कप्प्यात लाटण्याएवढी एक नळी निघाली. धातूच्या भोकाभोकांच्या नळीवर तिवरपट घट्ट गुंडाळलेला होता. पडद्यातून आलेलं पाणी मधल्या नळीत उतरतं आणि एका टोकाने बाहेर येतं.

आजोबा थांबत थांबत सांगत होते आणि आत्या करत होती. त्यांच्या एका वाक्याला मी त्यांच्या तोंडात एक घोट पाणी सोडत होते.

"पाणी खारट बाजूकडे ओढलं जातं. ही ओढ थांबवायची तर खारट बाजूला दाब द्यायचा. ओढीपेक्षा जास्त दाब दिला, की पाणी उलट्या दिशेने सरकतं. खाऱ्याकडून गोड्याकडे. हेच उलट परासरण (दाब देऊन खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढणं). घरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र हेच करतं. समुद्राच्या पाण्यासाठी मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे सत्तावीस पट दाब लागतो."

"आणि समुद्रात?"

"दर दहा मीटर खाली गेलं, की हवेच्या दाबाएवढा आणखी दाब वाढतो. मग हिशेब कर."

मी बोटांवर केला. "दोनशे सत्तर मीटर!"

"तिथे दोघांची बरोबरी होईल. पाणी भराभर यायला आणखी खोल जायचं. दुप्पट."

दोरी सहाशे मीटर होती. आता लागत होतं ते एक भांडं, जे एवढ्या दाबाखाली चेपणार नाही. काचेची बरणी फुटली असती. डबा चुरगळला असता. आत्याने तराफ्याला बाहेरून बांधलेली लोखंडी बाटली सोडली. तीच, जिच्यातल्या वायूने तराफा फुगला होता. रिकामी, जाड, आणि तिच्या भरायच्या तोंडाला एकदिशा झडप (आत येऊ देणारं पण बाहेर जाऊ न देणारं दार). आत्याने बाटलीच्या बाजूचा नळ उघडून उरलेला वायू सोडून दिला, नळ बंद केला, पकडीने नळी झडपेवर बसवली, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि बाटली दोरीला बांधून पाण्यात सोडली. बाटली खाली गेली, आणखी खाली गेली, दिसेनाशी झाली. फिरकी फिरतच राहिली.

वाट बघणं हे सगळ्यात अवघड काम. त्यानंतर अवघड काम म्हणजे सहाशे मीटर दोरी हाताने ओढणं. आत्याच्या तळव्यांची सालं निघाली. मी माझा फ्रॉक फाडून तिच्या हातांना गुंडाळला.

बाटली वर आली. जड होती! आत्याने बाजूचा नळ जरासा सोडला, पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखलं.

तिने ते थुंकलं.

"खारट."

आजोबांनी ते ऐकलं. पण ते रडले नाहीत. शास्त्रज्ञ असे असतात बहुतेक. "पडदा फाटला असता तर पाणी समुद्राएवढंच खारट लागलं असतं. तेवढंच आहे का?"

आत्याने पुन्हा जिभेवर थेंब घेतला. "नाय. जरा कमी."

"मग पडदा ठीक आहे. जोडातून गळतंय. तिथे रबरी कडं हवं."

रबरी कडं कुठून आणायचं? तराफ्याचं रबर कापणार कोण! मी इकडेतिकडे बघितलं. चिवडा. काजू. बांगडे. आणि बरणी. लोणच्याच्या बरणीच्या झाकणात, हवा जाऊ नये म्हणून, एक लाल रबरी कडं होतं.

ते मी चाकूच्या टोकाने काढलं. तेल पुसलं. आत्याने ते जोडात बसवलं. आजोबा म्हणाले, "घट्ट आवळायची काळजी नको. खाली गेल्यावर बाहेरचा दाबच त्याला दाबून धरेल."

बाटली पुन्हा गेली. आम्ही पुन्हा थांबलो. ऊन कलायला लागलं. आजोबांनी डोळे मिटले होते आणि मी त्यांचं मनगट धरून बसले होते, नाडी लागते का बघत. मला नाडी मोजता येत नाही. लागते एवढंच कळत होतं आणि तेवढ्यावर मी तिथे बसले होते.

आत्याने ओढायला सुरुवात केली. मीही ओढलं. बाटली वर आली. आत्याने नळ सोडला आणि 'फिस्स' करून पाण्याचा फवारा थेट माझ्या तोंडावर उडाला. आत चेपलेली हवा जोराने बाहेर येत होती. मी दचकून मागे पडले. पाणी नाकात गेलं, डोळ्यांत गेलं, ओठांवरून ओघळलं.

डोळे झोंबले नाहीत.

मी ओठ चाटले. मग पुन्हा चाटले.

"काय गो? काय झाला?" आत्या ओरडली.

"गोडं आहे," मी म्हणाले.

आत्याने स्वतः चाखलं. "गोडा आसा! बाबानू, गोडा आसा!" आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. आता तिला परवडत होतं.

आम्ही लोणच्याची बरणी रिकामी करून पुसली, ते पाणी तीत काढलं आणि पहिली पाळी आजोबांची लावली. त्यांनी मान फिरवली. मी म्हणाले, "आजोबा, प्या. नाहीतर मी समुद्र पिईन." ते मुकाट्याने प्यायले. पाण्याला लोणच्याचा वास येत होता. तसं चविष्ट पाणी मी जन्मात प्यायले नाही.

रात्र पडायच्या आत आम्ही बाटली आणखी एकदा सोडली. तिसऱ्या दिवशी, माणूस नसलेलं एक पिवळं मदत-जहाज क्षितिजावर दिसलं तेव्हा आजोबा बसून होते आणि मला तिवराची मुळं शिकवत होते. आणि हो, पाणी मिळाल्यावर लाडू खाल्ले. सगळे. आत्यानेच सगळ्यात जास्त खाल्ले, पण तिला ते सांगू नका.

त्या बेटावर आम्ही पुढे बरेच महिने राहिलो. प्रवाळाची बेटं पाण्याखाली भिंतीसारखी सरळ खोल उतरतात. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की सहाशे मीटर खोली मिळते. आजोबांनी तिथे तिवरपटांचा एक मोठा जुडगा खाली सोडला आहे. खाली समुद्र दाबतो, गोडं पाणी नळीत येतं. ते वर खेचायला वीज लागतेच, फुकट काहीच नसतं. पण सगळं खारं पाणी दाबत बसण्यापेक्षा फक्त गोडं पाणी वर आणायला कितीतरी कमी वीज पुरते. तेवढी बेटाच्या छपरांवरचं ऊन देतं. दवाखान्यातल्या नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा आईने ते आधी हुंगून बघितलं, कारण मी तिला लोणच्याची गोष्ट सांगितली होती.

परवा आम्ही नव्या टिटवीतून मालवणला परत निघालो. मालवणहून आलेली तांडेलची प्रत तिच्यात बसवली आहे. पहिला प्रश्न त्याने हाच विचारला: "पंप पिशवीत आहे ना?"

पंप आजोबांनी स्वतः भरला. सगळ्यांसमोर, धक्क्यावर, दोन्ही हातांनी. मग संकेतयंत्र, दोरी, तिवरपट. मी पिशवी उचलली. या वेळी हात थरथरले नाहीत, मी वाढले आहे. आजोबांनी ते बघितलं. त्यांनी हळूच पाठीमागचा हात पुढे आणला. हातात एक लाडू होता.

"एकच," ते म्हणाले. "जागा आहे."

आत्याने कपाळाला हात लावला.

मी तो लाडू घेतला आणि तिथेच, धक्क्यावर उभं राहून खाल्ला. मग नळाखाली ओंजळ धरली, खोल समुद्राने दाबून दिलेलं पाणी पोटभर प्यायले आणि दुसरी ओंजळ भरून आजोबांच्या तोंडाशी नेली. ते प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत, खरंखुरं. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरतो का ते.